नॅनोकणांची कवळी : आकडे कशाचे?

ॲक्रिलिकच्या कवळीत नॅनोकण मिसळले की ती मजबूत होते, असे सांगणारे शोधनिबंध गेल्या दोन दशकांत मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाले आहेत. झिर्कोनिया, टायटॅनिया, सिलिका, ॲल्युमिना यांपैकी एखाद्याची पूड घ्यावी, ती अर्ध्या टक्क्यापासून पाच-सात टक्क्यांपर्यंत मिसळावी, पट्ट्या तयार करून यंत्रात मोडाव्यात आणि बळ इतके टक्के वाढले असे जाहीर करावे, हा त्यांचा सर्वसाधारण साचा. हे आकडे खरे असतील. पण ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते पुढे केले जातात तो प्रश्न निराळा आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आधी ही चाचणी पाहू. ६४ मिलिमीटर लांब, १० रुंद आणि ३.३ जाड अशी पट्टी ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ५० तास ठेवतात. मग ती ५० मिलिमीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर आडवी ठेवून मध्यभागी दाबत जातात. उष्णतेने घट्ट होणाऱ्या ॲक्रिलिकने किमान ६५ मेगापास्कल ताण सोसला पाहिजे, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. साधे ॲक्रिलिकही नीट शिजवले तर ही अट पुरी करते. तरीही कवळ्या तुटतात! मग मोडते ते काय?

वरची पूर्ण कवळी बहुधा मधोमध, समोरच्या दोन दातांमधून मागे अशी तडकते. दात काढल्यावर हिरडीखालचे हाड वर्षानुवर्षे झिजत जाते, टाळूचा मधला कठीण भाग मात्र तसाच राहतो. कवळी त्यावर टेकू घेते आणि प्रत्येक घासाला तिच्या दोन्ही बाजू किंचित वाकतात. आरशासमोर वरचा ओठ उचलून पाहा. ओठ हिरडीला जोडणारी एक बारीक शीर दिसेल. तिच्यासाठी कवळीच्या कडेला खाच ठेवावी लागते. ताण नेमका तिथे एकवटतो, भेग पडते आणि घासागणिक केसभर पुढे सरकते. दुकानांच्या पाट्या करणारे कारागीर ॲक्रिलिकच्या पत्र्यावर पात्याने ओरखडा काढतात आणि टेबलाच्या कडेवर दाबून तो सरळ रेषेत मोडतात. त्यांना जे हवे असते तेच कवळीत नको असते. एकदाच दाबून मोडलेल्या गुळगुळीत पट्टीवरून पदार्थाचे बळ कळते. भेगेला अडवणारा चिवटपणा आणि वारंवार वाकण्याने येणारा थकवा कळत नाही.

आता नॅनोकणांचा गुण कुठे आणि दोष कुठे, तेही पाहिले पाहिजे. गोल कणांच्या एक ग्रॅम पुडीचे पृष्ठफळ काढायचे तर ६ ला घनता आणि व्यास यांच्या गुणाकाराने भागावे. झिर्कोनियाची घनता पाण्याच्या सुमारे सहापट. कण २० मायक्रोमीटरचे असतील तर उत्तर ५०० चौरस सेंटिमीटर येते, फुलस्केप पानापेक्षाही कमी. तेच कण २० नॅनोमीटरचे केले तर ५० चौरस मीटर, म्हणजे शहरातल्या लहानशा घराएवढे. (विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे, एकके सांभाळताना चांगली कसरत होते.) एवढ्या पृष्ठभागावर ॲक्रिलिकने पकड घेतली तर ताण कणांवर वाटला जाईल, ही आशा रास्त आहे. पण हाच पृष्ठभाग कणांना एकमेकांकडेही ओढतो. पिठात पाणी घालताना होतात तशा गुठळ्या होतात आणि गुठळी म्हणजे कवळीच्या आत आयती पेरलेली खाच. कणांचे प्रमाण वाढवत नेले की एका टप्प्यानंतर बळ उतरू लागते, ते मुख्यतः यामुळे.

म्हणून कणांवर सिलेनचा लेप देतात. त्याच्या रेणूचे एक टोक ऑक्साइडला धरते, दुसरे ॲक्रिलिकच्या साखळीत गुंफले जाते. परंतु ॲक्रिलिक वजनाच्या सुमारे दोन टक्के पाणी शोषते आणि पाणी हा दुवा हळूहळू तोडते. कवळी पाच-सात वर्षे ओली राहते. चाचणीतली पट्टी ५० तास.

टक्केवारीचेही तसेच. समजा सरासरी बळ ६ मेगापास्कलने वाढले, पण एकाच मिश्रणाच्या दहा पट्ट्यांत आपसांत ८-८ मेगापास्कलचा फरक आहे. अशा वेळी नुसती वाढ सांगून भागत नाही, विखुरणीही सांगावी लागते.

रंगाचा मुद्दा छोटा आहे, पण रुग्णाच्या दृष्टीने छोटा नाही. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९, सिलिकाचा १.४६, म्हणून सिलिका जवळजवळ दिसत नाही. टायटॅनियाचा अडीचच्या वर. पांढऱ्या रंगात तो घालतात तो याचसाठी. गुलाबी हिरडी फिकट झालेली कोणाला आवडेल?

आमचा सर्वांत मोठा आक्षेप तुलनेबद्दल आहे. ॲक्रिलिकमध्ये रबराचे सूक्ष्म कण बांधून ते चिवट करण्याची युक्ती जुनी आहे आणि तशा कवळ्या बाजारात मिळतात. मऊ कण भेगेची ऊर्जा गिळतात. कठीण कणांनी पदार्थ ताठ होतो, चिवट होईलच असे नाही. तरी तुलनेला बहुधा साधे ॲक्रिलिकच घेतलेले असते! रबरमिश्रित ॲक्रिलिकच्या शेजारी ठेवून, महिनोन्‌महिने पाण्यात मुरवून आणि खाच पाडून लाखो वेळा वाकवलेल्या नॅनो-पट्टीचे आकडे आम्हांला वाचायचे आहेत. तोवर घरात कोणाची कवळी असेल तर धुताना बेसिनमध्ये थोडे पाणी साठवून ठेवायला सांगावे. हातातून निसटलेली कवळी पाण्यात पडली तर सहसा वाचते.