उजेडातली देवनागरी

पेठसारख्या तालुक्याच्या गावाला काचेचा निऑन परवडण्यासारखा नव्हताच. नळी वळवणारा कारागीर, हवा काढणारा पंप, वायू भरायची सोय हे सगळं मोठ्या शहरात. आणि ती नाजूक काच घाटरस्त्याने आणायची म्हणजे निम्मा जीव वाटेतच. रंगवलेली पाटी, मग छापील फ्लेक्स, मागे ट्यूब लावलेला ग्लो साइन आणि आता ॲक्रिलिकवर बसवलेली एलईडीची लवचिक पट्टी, अशा पायऱ्या अशा गावांनी चढल्या. निऑन गेला म्हणून हळहळायचं पेठला कारण नाही. तरी पेठच्या दुकानावर आज जी गुलाबी-निळी रेघ चमकते, ती निऑनचीच नक्कल आहे. म्हणून मूळ काय होतं ते पाहायला हवं.

रॅमझे आणि ट्रॅव्हर्स यांनी 1898 मध्ये लंडनमध्ये निऑन वायू शोधला आणि 1910 मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात जॉर्ज क्लोदने त्याच्या नळ्या उजळून दाखवल्या. कारागीर कागदावर अक्षरं उलटी काढून घेतो, काचनळी बर्नरच्या आचेवर मऊ करतो आणि तोंडातल्या रबरी नळीने हळूच फुंकत राहतो, नाहीतर वळणावर नळी चपटी होते. मग टोकांना इलेक्ट्रोड, आत वायू आणि काही हजार व्होल्ट. शुद्ध निऑन फक्त तांबडा-केशरी. निळ्यासाठी आरगॉन आणि पारा, बाकीच्या रंगांसाठी काचेला आतून लेप. इथे वायू स्वतःच उजळतो, म्हणून उजेड नळीच्या चहूबाजूंनी सारखा फाकतो आणि मागची भिंतही रंगते. हे सौंदर्य एलईडीला अजून साधलेलं नाही, आणि साधलं असं सांगणाऱ्या विक्रेत्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

एलईडीच्या पट्टीत ओळीने बसवलेले बारीक दिवे असतात, वर दुधी सिलिकॉन किंवा पीव्हीसीचं आवरण. उजेड मुख्यतः समोर पडतो. स्वस्त मालात आवरणातून ठिपके दिसतात आणि पीव्हीसी उन्हाने पिवळं पडतं. पण 12 किंवा 24 व्होल्टवर चालणारी, न फुटणारी, पारा नसलेली वस्तू धो धो पावसाच्या गावात काचेपेक्षा शहाणपणाची, यात वाद नाही. ‘50 हजार तास’ हे आश्वासन मात्र दिव्याचं असतं. त्याआधी बहुधा ॲडॅप्टर जातो.

खरा प्रश्न अक्षराचा आहे. मुंबईत रीगल (1933), इरॉस (1938), लिबर्टी (1949) या चित्रपटगृहांच्या काळात उजेडाची पाटी रुळली ती रोमन अक्षरांवर. सुटी, सरळ रेघांची ती अक्षरं नळीला सोयीची. देवनागरीला शिरोरेषा आहे, वर मात्रा, खाली उकार, रफार, अनुस्वार. ‘पेठ’ हा साधा दोन अक्षरी शब्द घ्या: शिरोरेषा, ‘प’चं पोट, काना, वरची मात्रा, ‘ठ’चा गोल. काचवाला नळी मागे वळवून, नको तो भाग काळ्या रंगाने झाकून हे जमवायचा. लवचिक पट्टी नावापुरतीच लवचिक: ती एकाच दिशेने वळते, फार आवळून वळवली तर आतलं तांबं तुटतं आणि कापायची ती छापलेल्या खुणेवरच. मग कारागीर काय करतो? शिरोरेषाच उडवतो, रफार जाड करतो, अनुस्वार विसरतो. आणि आपण वाचतो, कारण दुकान ओळखीचं असतं.

दुकानांवर मराठी पाटीची सक्ती 2022 च्या कायदादुरुस्तीने लहान दुकानांपर्यंत पोचली. अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, असंही तीत आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिने दिले. कायद्याने आकार पाहिला, वळण पाहिलं नाही. वास्तविक कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत एकेका शीर्षकाला स्वतःचा चेहरा दिला, अच्युत पालव यांनी सुलेखन मंचावर आणलं. एवढी परंपरा घरात असताना उजेडाची पाटी मात्र रोमन फॉन्टची लकब उसनी घेऊन ‘चहा’ लिहिते.

माझं मत सरळ आहे. काचेचा निऑन जुन्या चित्रपटगृहांवर आणि संग्रहालयांत जपावा. हाँगकाँगच्या एम प्लस संग्रहालयाने रस्त्यावरून उतरलेल्या पाट्या तशाच जमवल्या आहेत. बाकी बाजार एलईडीचाच. पण त्याने निऑनची नक्कल सोडून देवनागरीसाठी आपली रेघ शोधावी. शिरोरेषेची एक अखंड पट्टी आणि खाली सुटी अक्षरं, इतकी साधी मांडणीही पुष्कळ सुधारणा करेल. ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉन्ट फुकट मिळतो. आराखड्याला तो पुरेसा आहे.

पेठच्या दुकानदारांना एवढीच विनंती: ऑर्डर देण्याआधी आपलं नाव कागदावर पूर्ण आकारात काढून मागा, मात्रा-अनुस्वार मोजा, सिलिकॉनचंच आवरण घ्या आणि ॲडॅप्टर पावसापासून दूर, आत ठेवा.