अकरा महिन्यांचं बिऱ्हाड

भाडे कायद्याचा विषय काढला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, भाडेकरूंनी मालकाला नागवलं. दुसरा म्हणतो, मालक गरिबाला रस्त्यावर काढायला टपलेत. मला आज वेगळं म्हणायचं आहे. आपला कायदा माणसाची गरज बघत नाही, त्याच्या हातातला कागद कुठला आहे ते बघतो.

आता बघा. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. अखेर १९९७ मध्ये, मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं ही गोठवणूक अवाजवी ठरवली. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्यानं मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पागडीला मान्यता दिली. जुन्या भाडेकरूचं कवच मात्र राहिलं. तो भाडं नियमित भरतोय आणि कायद्यातलं एखादं कारण मालकाकडे नाही, तर त्याला काढता येत नाही. नूतनीकरण त्याला मागावंच लागत नाही.

त्याच कायद्याचं कलम २४ वाचा. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यानं मुदत संपून घर सोडलं नाही, तर दुप्पट शुल्काची भरपाई आणि थेट बाहेरचा रस्ता. 'मला आणखी राहू द्या' म्हणण्याचा हक्क? त्यावर एक ओळ नाही.

लोक सांगतात, 'कायदाच अकरा महिन्यांचा आहे.' नाही हो! वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी टाळायला ही सवय देशभर लागली. महाराष्ट्रात तर कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मग अकरा महिन्यांनी वाचलं काय? काहीच नाही. उरतो तो फक्त मालकाचा वरचष्मा.

मालकाची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. दुरुस्तीलाही न पुरणाऱ्या भाड्यात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेली घरं त्यानं पाहिली आहेत. पण त्या जुन्या भाडेकरूचा राग आज कोणावर निघतो? पोरांची शाळा अर्ध्यात असताना टेम्पोत सामान भरणाऱ्या कुटुंबावर.

म्हणून मागणी साधी आहे. नूतनीकरण नाकारायचं तर लेखी कारण द्या, आणि वाढीला काही मर्यादा घाला. एकाला कायमचं घर आणि दुसऱ्याला अकरा महिने, याला भाडे नियंत्रण म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.