जंबूनदीच्या काठची माती

पूजेला बसलं की गुरुजी संकल्प सांगतात. त्यातलं ‘जंबुद्वीपे’ आपण वर्षानुवर्षं ऐकतो आणि पळीने पाणी सोडून मोकळे होतो. ज्या जांभळाच्या झाडावरून हे नाव पडलं ते विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात उभं आहे. मेरूच्या दक्षिणेला, गंधमादन पर्वतावर, तब्बल ११०० योजनं उंच.

उंचीचं मला फारसं अप्रूप नाही, पुराणांत योजनांना तोटा नसतो. मला वेड लावलं ते फळांनी. ती हत्तीएवढी आहेत. नुसतं ‘मोठी’ म्हणायचं तर डोंगर चालला असता. भागवतातल्या मंदर पर्वतावरच्या आंब्याची फळं गिरिशिखराएवढीच आहेत. जांभळाला मात्र हत्ती! पावसात भिजलेल्या हत्तीची पाठ डोळ्यांपुढे आणा. काळी, गोलसर, तुकतुकीत. मापासाठी दिलेली उपमा अशी रंगालाही पुरून उरते.

मग ही फळं पडतात आणि फुटतात. पुराणकार जांभळीखाली उभा राहिलेला आहे, याची मला इथे खात्री पटते. नारळ पडला तर घरंगळतो, कैरी ठेचली जाते. पिकलं जांभूळ फुटतंच. जूनमधली जांभळीखालची वाट आठवा: पाय ठेवायला जागा नाही, चपलेला जांभळा राडा, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या. त्या राड्याची इथे नदी होते. जंबूनदी. तिचं पाणी पिणाऱ्याला घाम नाही, अंगाला दुर्गंधी नाही, म्हातारपण नाही.

भागवताने या फळातली बी जवळजवळ काढूनच टाकली. हे खवय्यालाच सुचावं. पालघरकडच्या बहाडोलीचं टपोरं जांभूळ घेतलं, तरी दात शेवटी बीवर आपटतातच. घसा धरणाऱ्या तुरटपणाबद्दल मात्र पुराणं बोलत नाहीत. मी तो मनाशी धरूनच वाचतो. त्याशिवाय ते जांभूळ कसलं?

आणि मग सगळ्यात सुंदर जागा. काठची माती तो रस पिते, मंद वाऱ्यावर वाळते आणि तिचं सोनं होतं. भागवत वाऱ्याच्या जोडीला ऊनही देतं. अमरकोशात सोन्याच्या नावांमध्ये ‘जांबूनद’ आहे, ते हेच. सोनं फळात नाही, नदीच्या पात्रातही नाही. ते काठच्या चिखलात पिकतं, आणि सिद्ध त्याचे दागिने घालतात.

आमच्या अंगणात जांभूळ आहे. सडा पडून माती भिजली की मी लगेच झाडू घेत नाही. उन्हं कलेपर्यंत ती तशीच वाळू देतो.