छर्‍यांची टक्केवारी

कोयोटी हा उत्तर अमेरिकेतला श्वानकुळातील प्राणी. लांडग्याहून लहान आणि मेंढपाळांचा जुना शत्रू. तिकडे छर्‍याच्या बंदुकीने त्याची शिकार होते, आणि कोणता चोक व कोणता छर्रा वापरावा हे सांगणारे तक्ते शिकारीच्या पुस्तकांत असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशा सल्ल्याची गरज उरली नाही. तरीही त्या तक्त्यांची चिकित्सा आम्ही करीत आहोत, कारण एकाच आकड्यावर विसंबण्याची त्यांतली खोड आपल्या वर्गांतही आढळते.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी मुद्दाम ठेवलेला अरुंदपणा. १२ बोअरच्या नळीचा व्यास ०.७२९ इंच; ‘फुल’ चोकमध्ये तोंड त्याहून सुमारे ०.०३५ इंच अरुंद असते. चोकची परीक्षा अशी: ४० वारांवरच्या कागदावर बार टाकायचा आणि ३० इंच व्यासाच्या वर्तुळात किती टक्के छर्रे पडले ते मोजायचे. फुलला ७०, मॉडिफाइडला ६०, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरला ५० टक्के धरतात. वाचक साहजिकच समजतो की जास्त टक्के म्हणजे जास्त चांगले. आमचा आक्षेप इथेच आहे.

टक्के खरे, पण कशाचे? शिशाचे बीबी छर्रे (व्यास ०.१८ इंच) एका औंसात सुमारे ५० बसतात, ४ नंबर बकशॉट (०.२४ इंच) सुमारे २१, तर डबल-ऑट बकशॉट (०.३३ इंच) अवघे ८. दीड औंसाच्या बारातले ७० टक्के म्हणजे अनुक्रमे ५२, २२ आणि ८ छर्रे. कोयोटीचे हृदय व फुप्फुसे ८ इंची वर्तुळात मावतात असे धरू. त्याचे क्षेत्रफळ मोठ्या वर्तुळाच्या चौदाव्या हिश्श्याइतके. म्हणजे मर्मस्थानी सरासरी पावणेचार, दीड आणि ०.६ छर्रे! सरासरी दीड याचा अर्थ दर वेळी निदान एक असा नव्हे. छर्रे यदृच्छया विखुरले तर पाचांत सुमारे एकदा तिथे एकही लागणार नाही. डबल-ऑटच्या बाबतीत निम्म्याहून अधिक वेळा. प्रत्यक्षात मध्यभागी दाटी अधिक असते, पण नेम जरा सरकला की तो फायदाही जातो.

मग बारीक छर्रे घ्यावेत काय? ४ नंबरचे साधे छर्रे (०.१३ इंच) मर्मस्थानी दहा लागतील, पण वस्तुमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यातला एक छर्रा बीबीच्या ३८ टक्केच भरतो, हवेत वेग लवकर गमावतो आणि खोल शिरत नाही. संख्या आणि भेदकता या दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. टक्केवारीच्या रकान्यात दुसरीला जागाच नाही. शिवाय मऊ शिशाचे मोठे छर्रे अतिअरुंद तोंडातून जाताना चेपून भरकटू शकतात. म्हणून काही बंदुकांत मॉडिफाइड चोकच सरस ठरतो. हे कागदावर बार टाकूनच कळते.

पण कागदही सर्व सांगत नाही. बॉब ब्रिस्टर यांनी ‘शॉटगनिंग: द आर्ट अँड द सायन्स’ (१९७६) या पुस्तकासाठी गाडीमागे ओढलेल्या कागदावर बार टाकले, गाडी त्यांच्या पत्नी चालवीत. छर्रे एकदम पोचत नाहीत, त्यांची लांब रांग असते, हे त्यातून दिसले. रांग दहा फुटांची आणि वेग सेकंदाला ८०० फूट धरला, तर ताशी ४० मैलांनी आडवा धावणारा कोयोटी तेवढ्यात नऊ इंच सरकतो. उभ्या जनावराला हा हिशोब लागू नाही. प्रचलित मोजमापालाच प्रश्न विचारणारा हा प्रयोग आम्हांला मोलाचा वाटतो.

चूक महाग पडते ती जनावराला. पोटात एखादा छर्रा घेऊन पळालेला कोयोटी कित्येक दिवस तडफडून मरतो. ‘काय वापरावे’ याहून ‘किती अंतरापलीकडे बार टाकूच नये’ हा प्रश्न मोठा आहे, आणि ७० टक्क्यांच्या आकड्यात त्याचे उत्तर नाही.

शिक्षकांनी हे बंदुकीविना पडताळावे. जमिनीवर ७५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढून त्यात कुठेही २० सेंटिमीटरचे दुसरे आखावे. मोठ्या वर्तुळात ज्वारीचे २२ दाणे सर्वत्र सारखे पसरतील असे टाकावेत आणि लहानातले मोजावेत. असे वीस वेळा करावे. साधारण चार वेळा लहान वर्तुळ रिकामे राहील. सरासरी म्हणजे हमी नव्हे, हे मग फळ्यावर लिहून सांगावे लागणार नाही.