‘घाशीराम कोतवाल’ : कोठडीतील परके

खुनाची कथा वाचताना वाचकाचे लक्ष साधारणतः दोघांकडे असते. एक खून करणारा आणि दुसरा त्यास हुडकून काढणारा. ज्याचा खून झाला तो मनुष्य पहिल्या प्रकरणातच संपलेला असतो, आणि त्याची अधिक विचारपूस करण्याची कोणास गरज वाटत नाही. तो गावातला असला तर निदान त्याची बायकामुले, भाऊबंद आणि शत्रू ह्यांच्या निमित्ताने त्याचे नाव पुन्हा पुन्हा कानी पडते. परंतु तो परमुलखातून आलेला, दुसरी भाषा बोलणारा, चार दिवसांचा पाहुणा असला म्हणजे त्याच्या वतीने तोंड उघडणारे कोणीच उरत नाही. अशा वेळी लेखकाची खरी परीक्षा असते. आपल्याच पुण्यातील एक प्रकरण आणि त्यावर रचलेले एक श्रेष्ठ नाटक ह्या परीक्षेस लावून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रकरण १७९१ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरचे आहे. पेशव्यांकडून श्रावणमासात मिळणाऱ्या दक्षिणेसाठी दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण पुण्यास येत. त्यांपैकी तीसांहून अधिक तेलंगी ब्राह्मणांस शहरचा कोतवाल घाशीराम सावळदास ह्याच्या माणसांनी पकडून भवानी पेठेतील एका लहानशा कोठडीत रात्रभर कोंडले. मानाजी फाकडे ह्या सरदाराच्या कानी ही गोष्ट गेली व त्याने कोठडीचे कुलूप तोडविले, तेव्हा आत वीसांहून अधिक ब्राह्मण गुदमरून मेलेले आढळले. निश्चित आकडा निरनिराळ्या वृत्तांतांत थोडाथोडा निराळा आहे. पुढे तेलंगी ब्राह्मणांचा मोठा समुदाय नाना फडणवीसांच्या दाराशी जमला, घाशीराम त्यांच्या स्वाधीन झाला, आणि त्याची धिंड काढून त्यास दगडांनी ठेचून ठार मारण्यात आले. १७७७ पासून चौदा वर्षे ज्याच्या नावाने शहर कापत होते, त्याचा शेवट असा झाला.

ह्यातील एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. मेलेले परके होते आणि मारणाराही परकाच होता. घाशीराम हा औरंगाबादेकडून पुण्यास आलेला उत्तरेकडचा ब्राह्मण. ज्यांनी त्यास अधिकार दिला, चौदा वर्षे त्या अधिकाराचा वापर चालू दिला आणि अखेर त्यास जमावाच्या हाती सोपविले, ते मात्र घरचे होते. एका उपऱ्याने दुसऱ्या उपऱ्यांस मारले व त्याबद्दल तोही मेला, असा हिशेब मांडला की शहर निर्दोष ठरते. ह्या हिशेबाविषयी शंका घेणे हे कोणाचे काम होते?

आज आपण म्हणू की ते बातमीदाराचे काम. परंतु मराठीत ‘दर्पण’ निघाले ते १८३२ साली, म्हणजे ह्या घटनेनंतर एकेचाळीस वर्षांनी. १७९१ च्या पुण्यात बातमी लिहिणारे नव्हते असे नव्हे. दरबारोदरबारचे वकील आणि अखबारनवीस आपापल्या धन्यांस पत्रे लिहीत. इंग्रजांचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट शहरातच होता. एडवर्ड मूर ह्याच्या १७९४ सालच्या पुस्तकात घाशीरामाच्या शिक्षेची हकीकत आली, आणि पुढे ग्रँट डफने ती आपल्या १८२६ च्या इतिहासात घेतली. तथापि धन्यासाठी लिहिलेल्या बातमीत धन्यास जे हवे तेच मुख्य असते. नानांचे वजन वाढले की घटले हा तेथे प्रश्न, आणि मेलेले किती एवढाच आकडा. ते कोणत्या गावचे, घरी त्यांची वाट कोण पाहत होते, हे विचारण्याचे कारण त्यांतील कोणासही नव्हते.

पुढे १८६३ साली मोरोबा कान्होबा विजयकर ह्यांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे पुस्तक निघाले. त्यास कादंबरी म्हणावे की नाही हा वाद अभ्यासकांचा आहे. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते एवढेच की ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाव कोतवालाचे आले. मारणारा ग्रंथाचा नायक झाला, आणि गुदमरून मेलेले त्याच्या कथेतील एक प्रसंग होऊन राहिले.

आता विजय तेंडुलकरांचे नाटक घेऊ. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात त्याचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन जब्बार पटेल ह्यांचे व संगीत भास्कर चंदावरकर ह्यांचे होते. मोहन आगाशे ह्यांनी नाना फडणवीस उभे केले. तेंडुलकरांनी पुष्कळ वर्षे वृत्तपत्रांत काम केले होते, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. बातमी कोठे दडविली जाते व कोण दडवितो, हे त्यांस ग्रंथांतून शिकावे लागले नव्हते. आणि तरीही त्यांच्या ह्या नाटकात शोध घेणारे असे एकही पात्र नाही. आहे ती ब्राह्मणांची एक जिवंत भिंत. ती गाते, नाचते, डोलते, हवे तेव्हा उघडते आणि हवे तेव्हा मिटते. तिच्यामागे काय चालले आहे हे तिला पूर्ण ठाऊक असते, पण तिच्याकडून साक्ष मिळत नाही. सर्व काही पाहिलेल्या परंतु काहीही न सांगणाऱ्या शहराचे इतके समर्पक दृश्यरूप मराठी रंगभूमीवर दुसरे नसेल.

ह्या भिंतीपुढे तेलंगी ब्राह्मणांचे मरण घडते. नाटकाच्या गतीत ते फार लवकर घडते. बागेतली फळे, कोठडी, प्रेते, ओरडा, आणि लगेच घाशीरामाचा अंत. नाटककारास घाशीरामास पाडावयाचे आहे आणि त्यासाठी त्यास प्रेते हवी आहेत. घाशीरामाच्या मुलीची शोकांतिका प्रेक्षकाच्या काळजास भिडते, कारण तिला नाव आहे, गौरी. कोठडीतल्या मृतांस नाव नाही, चेहरा नाही, मागे रडणारे कोणी नाही. त्यांच्या मरणाने प्रेक्षक हादरत नाही. ‘आता घाशीराम संपला’ असे मनात म्हणून तो पुढच्या प्रसंगाची वाट पाहू लागतो.

ह्यावर कोणी म्हणेल की हा दोष नव्हे, हेच नाटकाचे मर्म होय. सत्ता माणसास वर चढविते, वापरते व फेकून देते, ह्या व्यवहारात मेलेल्यांची किंमत शून्य असते हेच तेंडुलकरांस दाखवावयाचे होते. नाटक ऐतिहासिक नव्हे असे त्यांनी स्वतःच बजावले आहे. शेवटी नाना घाशीरामाच्या मरणाचा उत्सव करावयास सांगतात आणि भिंत पुन्हा डोलू लागते, तेव्हा त्या डोलण्यात प्रेक्षकही सामील आहे हे त्याच्या ध्यानात यावे, अशी ही योजना आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि आम्हांस तो बव्हंशी मान्यही आहे. नाटक श्रेष्ठ आहे ते ह्याच निर्दयतेमुळे.

परंतु नाटककाराने योजून आणलेली निर्दयता प्रेक्षकाने नकळत पत्करावी काय? ह्या नाटकावर जो वाद माजला त्याचे स्वरूप पाहा. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबविले, मग १९७३ साली थिएटर अकॅडमी स्थापन होऊन ते पुन्हा उभे राहिले, १९८० च्या युरोपच्या दौऱ्याच्या वेळी पुन्हा विरोध झाला. प्रत्येक वेळी मुख्य तक्रार नाना फडणवीसांच्या बदनामीची आणि ब्राह्मणांच्या चित्रणाची होती. परगावाहून येऊन कोठडीत मेलेले तेही ब्राह्मणच होते. त्यांचा कैवार त्या गदारोळात कोणाच्या मुखी नव्हता. घरच्यांच्या अब्रूसाठी शहर भांडले, पाहुण्यांच्या प्राणांसाठी नाही. नाटकातली भिंत प्रेक्षागृहातही उभी होती, ती अशी.

ह्या ठिकाणी एका परदेशी कादंबरीची आठवण होते. डेव्हिड गटरसन ह्यांची ‘स्नो फॉलिंग ऑन सीडार्स’ ही कादंबरी १९९४ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील एका लहान बेटावर एक कोळी मरतो आणि खुनाचा आरोप एका जपानी वंशाच्या माणसावर येतो. साल १९५४, महायुद्धातील वैर अजून निवलेले नाही. तेथील छोट्या वृत्तपत्राचा बातमीदार इश्माएल चेंबर्स ह्याच्या हाती दीपगृहातील नोंदी लागतात. मरण अपघाताने आले असावे, असे त्या नोंदींवरून दिसते. परंतु आरोपीची पत्नी ही इश्माएलची पूर्वायुष्यातील प्रेयसी. तिने त्यास सोडले ह्याचा सल त्याच्या मनात आहे, म्हणून तो कागद खिशात ठेवून घुटमळतो. रचनेच्या दृष्टीने ही कादंबरी तेंडुलकरांच्या नाटकापेक्षा सैल आहे, निसर्गवर्णनांत ती रेंगाळते. पण एका बाबतीत ती पुढे आहे. परक्या माणसाचे प्राण वाचविणारी माहिती एका साध्या, दुखावलेल्या मनुष्याच्या खिशात आहे, आणि ती बाहेर काढावी की नाही हे त्याने ठरवावयाचे आहे. सत्य सांगणे हे येथे शौर्य नसून स्वतःच्या क्षुद्रतेवर मिळविलेला जय आहे. आपल्या नाटकात भिंतीतून बाहेर पडून असा निर्णय घेणारा एक मनुष्य नाही. तो असता तर नाटक कदाचित दुबळे झाले असते. परंतु तो नाही म्हणून आपण काय गमावले, हे समजून घेणे टीकेचे काम आहे.

ही चर्चा निव्वळ जुन्या काळाची नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांस मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. त्यांस ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मारण्यात आले. पुन्हा परमुलखाचे लोक, पुन्हा चोरीचा संशय, पुन्हा बंद खोली. भेद एवढाच की ह्या वेळी त्या पाचांची नावे, त्यांची गावे आणि मागे राहिलेली कुटुंबे वृत्तपत्रांतून लोकांपुढे आली. जीव परत आले नाहीत. पण पाच हा नुसता आकडा राहिला नाही. बातमीदाराच्या हातून साहित्यास मिळालेले हे देणे लहान नव्हे.

‘घाशीराम कोतवाल’ पुन्हा रंगभूमीवर येईल, आणि आम्ही ते पुन्हा पाहू. नृत्याने मोहून जाऊ, नानांच्या चतुराईवर हसू, घाशीरामाच्या शेवटी थरारून जाऊ. त्या वेळी कुलूप तोडणाऱ्या मानाजी फाकड्यांचे स्मरण आम्हांस राहावे. दार उघडून आत कोण कोण आहे ते पाहणे, ही त्या रात्रीतील खरी बातमीदारी होती. आत सापडलेल्यांची नावे लिहून ठेवणारा कोणी त्यांच्याबरोबर असता, तर पुण्याच्या इतिहासात एक पान अधिक असते, आणि मराठी नाटककारास मृतांचा उपयोग इतक्या सहजपणे करणे कदाचित जड गेले असते.