लहानग्या हातातील दगड

वर्धा-नागपूर लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) या गावी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. तेथील मोठाल्या लाकडी नंदींची ख्याती दूरवर आहे. मुले नंदी मिरवितात, बोजारा मागतात. परंपरा लहानग्यांच्या हाती कशी सोपविली जाते, याचे इतके निर्मळ चित्र आम्हांस दुसरे ठाऊक नाही. त्याच दिवशी जवळच्या नागपुरात मारबत निघते. साऱ्या इडापिडा एका बाईच्या पुतळ्यावर घालून तो गावाबाहेर जाळला जातो. पुतळाच तो, म्हणून कोणी अस्वस्थ होत नाही.

शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची 'द लॉटरी' ही कथा पुन्हा वाचताना ही दोन्ही दृश्ये आम्हांस आठवली. १९४८ साली 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकात ती आली. जून महिन्यातील प्रसन्न सकाळी एक खेडे चौकात जमते, चिठ्ठ्या काढते आणि जिच्या नावाची चिठ्ठी निघते तिला दगडांनी ठेचून मारते. मूळची पेटी केव्हाच हरवली आहे, विधीचा बराचसा भाग लोक विसरले आहेत. दगड तेवढे त्यांच्या लक्षात राहिले आहेत. टेसी हचिन्सन हसतहसत उशिरा येते, नवऱ्याला पुढे जाण्यास सांगते. अन्यायाची ओरड करते ती स्वतःच्या घरावर पाळी आल्यावरच. आणि तिच्याच लहानग्या डेव्हीच्या हातात कोणीतरी खडे देते. आमच्या मते कथेचे मर्म या एका वाक्यात आहे. त्या खेड्यात द्वेष कोणाच्याच मनात नाही, आणि तेच भयंकर आहे. कथा छापून आल्यावर शेकडो पत्रे आली. असा प्रकार कोठे चालतो, तो पाहावयास मिळेल काय, असेही काहींनी विचारल्याचे लेखिकेने नमूद केले आहे!

आपल्याकडे चिठ्ठी काढावी लागत नाही. ती जन्मतःच निघालेली असते. प्रेमचंदांच्या 'सद्गती'त (सत्यजित राय यांनी १९८१ साली तिच्यावर चित्रपट केला) दुखी चांभार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घेण्यास पंडिताकडे जातो आणि उपाशीपोटी त्याची लाकडे फोडताना मरतो. पंडिताची बायको दुरूनच विस्तव फेकते, ठिणगी दुखीच्या डोक्यावर पडते. त्याला वाटते, ब्राह्मणाचे घर विटाळल्याचे हे फळ. मृत्यूपेक्षाही हा विचार आम्हांस अधिक क्रूर वाटतो, कारण येथे खडे मार खाणाऱ्याच्याच मनात ठेवलेले आहेत. शेवटी पंडित दोरीने प्रेत ओढीत गावाबाहेर टाकतो, घरी येऊन स्नान करतो, पाठ म्हणतो.

बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो. कवी म्हणून रामचरण त्याला मान देतो, घरी नेतो. जात उघडी पडताच तेच लोक त्याला बेदम मारतात. काशीनाथ त्याची सुटका करतो. मार खाल्लेला नायक मात्र म्हणतो की मारणारी ती माणसे नव्हतीच, मनू होता.

आमच्या वाचकांना येथे क्रूसावरील क्षमा आठवेल. आम्हांसही आठवली. परंतु ही क्षमा आपण फार लवकर टाळ्या वाजवून स्वीकारतो, असे म्हणावेसे वाटते. तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक कबरस्तानात दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवणारी भिंत उभी राहिली. ती मनूने बांधलेली नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या हातांनी विटा रचल्या, आणि त्या विटा रचताना जवळ मुलेही उभी असतील. सोयरीक जुळविताना 'मूळचे कोण?' हा प्रश्न आपल्याही घरांत हळू आवाजात विचारला जातो, आणि तोही मुले ऐकतात.

म्हणून बागुलांच्या नायकाची थोरवी मान्य करूनही आम्ही थबकतो. परंपरेला दोष देऊन हात मोकळे होत नाहीत. मारणाऱ्यांना नावे होती, रामचरण हे त्यांतलेच एक. बागुलांनी काशीनाथाला कथेत उभे केले ते उगीच नाही. तो मनूशी वाद घालीत बसत नाही, समोरच्या माणसांशी भिडतो. नायकाचे ते अखेरचे उद्गार त्याला पटले असतील, असे आम्हांस वाटत नाही.