असमान चालींचा समतोल : राल्फ बेझा यांच्या बुद्धिबळ-प्रकाराची चिकित्सा

प्रस्तावना : रूढ बुद्धिबळात दोन्ही पक्षांचे सैन्य सारखेच असल्याने न्याय्यतेचा प्रश्न पहिल्या खेळीच्या लाभापुरताच मर्यादित राहतो. अमेरिकन खेळाडू राल्फ बेझा यांच्या १९७९ मधील ‘भिन्न सैन्यांचे बुद्धिबळ’ या प्रकारात मात्र राजा व प्यादी तेवढी समान असून उर्वरित मोहऱ्यांच्या चाली भिन्न असतात. येथे समतोल आयता मिळत नाही. तो रचावा लागतो. तो कितपत साधला आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात ‘कलरबाउंड क्लॉबरर्स’ या सैन्याच्या आधारे केला आहे.

विवेचन : या सैन्यात उंटाची जागा ‘फॅड’ घेतो. तो तिरपा एक घर चालतो अथवा तिरपी वा सरळ दोन घरे उडी मारतो. यांपैकी पहिली चाल जुन्या शतरंजमधील वजिराची, तर तिरपी उडी तेथील हत्तीची होय. रिकाम्या पटावर उंटाच्या माऱ्यात सरासरी ८.७५ घरे येतात, फॅडच्या ८.३१. हा समतोल वरकरणी समाधानकारक वाटतो. तथापि मध्यवर्ती घरावरील उंटाची १३ घरे, प्रत्येक घर रिकामे असण्याची शक्यता दोन-तृतीयांश धरल्यास, सुमारे ८.७ वर येतात. फॅडची १२ घरे मात्र कायम राहतात. उलट रिकाम्या पटाच्या कोपऱ्यात उंटाला ७, तर फॅडला केवळ ४ घरे लाभतात. म्हणजेच गर्दीच्या आरंभी फॅड वरचढ, तर मोकळ्या अंतिम पर्वात उंट प्रभावी ठरतो.

वजिराच्या जागी उंट व घोडा यांच्या चाली एकवटलेला मोहरा येतो. प्रचलित मूल्यांनुसार (वजीर ९, हत्ती ५, उंट व घोडा प्रत्येकी ३) त्याची बेरीज अवघी ६ होते. संगणकीय सामन्यांत मात्र तो वजिराच्या जवळपास पोहोचतो. उंटाची एकाच रंगाची मर्यादा घोड्याची चाल दूर करते, हे त्याचे एक कारण होय. मुळात हत्ती व उंट यांच्या चाली असलेल्या वजिराचे मूल्यही ८ नसून ९ मानले जाते. बेरजेचा अपुरेपणा तेथेच सिद्ध होतो.

या रचनेची उणीवही नोंदविणे आवश्यक आहे. फॅड आणि हत्तीच्या जागी येणारा ‘बीड’ (उंटाची चाल व सरळ दोन घरांची उडी) हे दोन्ही एकाच रंगाच्या घरांना बांधलेले आहेत. जोडीतील एक मोहरा गमावताच त्या रंगावरील पकड सैल होते. त्यामुळे अशा मोहऱ्याची किंमत कोष्टकात स्थिर राहत नाही. त्याचा जोडीदार पटावर आहे की नाही, यावर ती ठरते.

निष्कर्ष : बेझा यांनी समता म्हणजे सारखेपणा नव्हे, हे प्रत्यक्ष रचनेतून दाखविले, हे त्यांचे महत्त्वाचे योगदान होय. मात्र एकूण मूल्य जुळले तरी लाभाची वेळ जुळतेच असे नाही. म्हणून घरी वा महाविद्यालयात नवा प्रकार रचणाऱ्याने कोष्टकावर विसंबून न राहता सैन्यांची अदलाबदल करून डाव खेळून पाहावेत. समतोलाची खरी कसोटी तेथेच लागते.